प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याआधी: कूलर, पंखे आणि मे महिन्याचा हिशेब

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, करायचं ठरलं की नवखा माणूस आधी बायोस (मदरबोर्डची सेटिंग जिथे बदलतात तो प्रोग्रॅम) उघडतो, आकडे वाढवतो, कॉम्प्युटर दोन-चारदा बंद पडला की मग मोठा कूलर शोधायला निघतो. क्रम बरोबर उलटा हवा. आधी हवा, मग कूलर, मग मोजमाप आणि शेवटी बायोस. प्रोसेसरमधून निघालेली उष्णता दोघांमधल्या थर्मल पेस्टमधून कूलरमध्ये, कूलरमधून कॅबिनेटमध्ये, कॅबिनेटमधून खोलीत जाते. या वाटेत जिथे अडेल तिथे सगळंच अडतं. पुढे भिंतीला चिकटलेलं टेबल असेल तर वीस हजारांचा कूलरही काही करू शकत नाही.

सुरुवातीलाच एक तपासून घ्या, तुमचा प्रोसेसर मुळात खुला आहे का, म्हणजे कंपनीने त्याचा वेग वाढवू दिला आहे का? इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ लागतं (उदाहरणार्थ कोअर आय५-१२६००के) आणि मदरबोर्ड झेड मालिकेतला, म्हणजे झेड६९० किंवा झेड७९० असा लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन खुले असतात, पण बोर्ड बी किंवा एक्स मालिकेतला हवा. ए५२०, ए६२० अशा स्वस्त बोर्डांवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, हेही मनात असू द्या.

उष्णता वाढते ती व्होल्टेजमुळे

वेग वाढवला की उष्णता त्याच प्रमाणात वाढते. व्होल्टेज वाढवलं की ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, सगळे कोअर ४.५ गिगाहर्ट्झवर १.२० व्होल्टने चालतायत आणि तुम्हाला ५.० गिगाहर्ट्झ हवेत, त्यासाठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले. वेग वाढला ११ टक्के. उष्णता मात्र सुमारे ४० टक्के वाढली. चिप तापली की तिच्यातली विजेची गळती वाढते, म्हणून प्रत्यक्षात आणखी थोडी जास्तच.

त्यामुळे शेवटच्या शंभर-दोनशे मेगाहर्ट्झच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. खेळात तो फरक जाणवत नाही, पंख्यांचा आवाज मात्र शेजारच्या खोलीत जाणवतो.

पहिली पायरी: काही न बदलता मोजा

एचडब्ल्यूइन्फो६४ हा फुकट प्रोग्रॅम घ्या. इंटेलवर ‘सीपीयू पॅकेज’ आणि एएमडीवर ‘टीडाय’ या नावाची ओळ पाहायची. सोबत पॅकेज पॉवर, म्हणजे प्रोसेसर किती वॅट खातोय, ती ओळ आणि मदरबोर्डवरच्या व्हीआरएमचं (प्रोसेसरला हव्या त्या व्होल्टेजची वीज पुरवणारा भाग) तापमान दिसत असेल तर तेही. मग सिनेबेंच आर२३ या प्रोग्रॅमची मल्टिकोअर (सगळे कोअर एकदम राबवणारी) चाचणी पूर्ण दहा मिनिटं चालवा. पहिल्या मिनिटाचा आकडा फसवा असतो, कारण कूलरचं धातू अजून तापत असतं. प्रोसेसरवर पाण्याचा कूलर (नळ्यांतून पाणी फिरवणारा) असेल तर दहा मिनिटंही कमीच; आतलं पाणी स्थिर तापमानाला यायला अर्धा तास लागू शकतो.

आता जी गोष्ट बहुतेक जण विसरतात ती: भिंतीवरचा साधा थर्मामीटर आणा आणि कॅबिनेटच्या पुढच्या तोंडाजवळ ठेवा. प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा. तुमच्या कूलिंगचा खरा आकडा ही वजाबाकी आहे. हवेचा किंवा पाण्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही, तो फक्त हा फरक कमी करतो.

जानेवारीत पुण्यात खोली २४ अंशांवर, चाचणीत प्रोसेसर ७८ वर. फरक ५४. मस्त वाटतं. तोच कॉम्प्युटर मेमध्ये नागपूर-चंद्रपूरकडच्या घरात, जिथे दुपारी बाहेर ४५ आणि खोलीत ४० अंश सहज असतात. ४० अधिक ५४ म्हणजे ९४. आय५-१२६००केची कमाल मर्यादा १०० अंश आहे, म्हणजे हातात उरले सहा. अजून ग्राफिक्स कार्ड तापलेलंच नाही. परदेशी व्हिडिओंमध्ये ‘हा कूलर ७० अंशांत ठेवतो’ असं सांगतात तेव्हा ती खोली बहुतेकदा २०-२२ अंशांची असते. आकडे पाहताना वजाबाकी करून घ्या आणि त्यात आपला मे मिळवा. मी तर म्हणेन, एसी नसलेल्या घरात थंडीतल्या चाचणीत ७५ च्या वर जाणारं ओव्हरक्लॉकिंग ठेवूच नये.

रायझन ७००० मालिकेचं गणित वेगळं आहे. ७६००एक्ससारखे प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत स्वतःहून जातात आणि तिथे थांबून जमेल तेवढा वेग देतात. तिथे ९५ दिसले म्हणून घाबरू नका. त्या तापमानाला वेग किती टिकतोय ते पाहा. चांगला कूलर लावला तर आकडा कदाचित ९५ च राहील, वेग मात्र वाढलेला दिसेल.

दुसरी पायरी: बाजूचं झाकण काढा

कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तीच चाचणी पुन्हा करा. तापमान दोन-तीन अंशांनी उतरलं तर कॅबिनेटमधली हवा ठीक आहे. सात-आठ किंवा जास्त अंशांनी उतरलं तर कूलरचा काही दोष नाही, त्याला ताजी हवाच मिळत नाहीये. अशा वेळी नवा कूलर घेणं म्हणजे पैसे वाया. झाकण कायमचं काढून ठेवणं हाही उपाय नव्हे: धूळ सगळीकडे बसते, पाल आणि झुरळं आत शिरतात, आणि हवेचा प्रवाह कूलरवरून जायच्या ऐवजी कुठेही भरकटतो.

तिसरी पायरी: हवेचा रस्ता मोकळा करा

इथे वेळ घालवा. खर्च सगळ्यात कमी आणि फायदा सगळ्यात जास्त इथेच होतो.

आधी कॅबिनेटच्या बाहेर बघा. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांत कॅबिनेटसाठी खाली एक कप्पा असतो, तिन्ही बाजूंनी प्लायवूड, मागे भिंत. मागच्या पंख्याने फेकलेली गरम हवा भिंतीवर आपटते आणि कप्प्यातूनच फिरून पुढून पुन्हा आत जाते. कप्प्याची मागची फळी काढा, किंवा सरळ कॅबिनेट टेबलावर आणा. मागे निदान वीतभर जागा सोडा. पॉवर सप्लाय खालून हवा ओढत असेल तर कॅबिनेट गालिचावर किंवा गादीवर नको, खाली पाय असू द्या.

मग पुढचं तोंड. पूर्ण काचेचं दर्शनी झाकण आणि त्यामागे तीन रंगीत पंखे, हा सध्या दुकानात भरपूर विकला जाणारा प्रकार. दिसतो छान. पण काच आणि पंखा यांच्यामध्ये बोटभर फट असते आणि सगळी हवा तेवढ्यातून यायची असते. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लावून खिडक्या-दारं बंद करून ठेवावीत तसं हे आहे. नवीन कॅबिनेट घेणार असाल तर पुढे जाळी असलेलंच घ्या. आधीच काचेचं असेल तर झाकणाच्या खाचा मोकळ्या आहेत का पाहा, काही मॉडेलमध्ये ते थोडं पुढे सरकवून बसवता येतं.

पंख्यांची मांडणी अशी: पुढून दोन (किंवा तीन) आत हवा घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा. बहुतेकांना एवढं पुरतं. आणखी एक लावायचा झाला तर वरच्या झाकणाला, पण मागच्या टोकाला, बाहेर टाकणारा. वर पुढच्या टोकाला बाहेर टाकणारा पंखा लावू नका. पुढून आलेली थंड हवा कूलरपर्यंत पोचायच्या आतच तो ओढून बाहेर टाकतो. दुकानात जोडून घेतलेल्या कॅबिनेटमध्ये हा प्रकार सर्रास दिसतो, कारण तिथे पंखा लावायला रिकामी जागा असते म्हणून लावलेला असतो.

पंख्याची दिशा कशी ओळखायची? एका बाजूला पाती उघडी दिसतात, दुसऱ्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात. पट्ट्यांच्या बाजूने हवा बाहेर पडते. खात्री करायची तर उदबत्ती पेटवा आणि पुढच्या जाळीपासून वीतभर लांब धरा. राख आत जाणार नाही एवढं अंतर ठेवा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग मागच्या बाजूला, विस्तार कार्डांच्या फटींजवळ धरा. तिथूनही धूर आत जात असेल तर तुमचे बाहेर टाकणारे पंखे जास्त जोरात आहेत. कॅबिनेट प्रत्येक फटीतून, म्हणजे फिल्टर नसलेल्या जागांतून, हवा ओढतंय आणि धूळही. पुढचे पंखे थोडे वेगात किंवा मागचे थोडे हळू करा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा किंचित जास्त असणं आपल्याकडच्या धुळीत सोयीचं. समोर इमारतीचं बांधकाम चालू असेल तर विचारूच नका.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी एक टीप. खोलीतला पाण्याचा कूलर कॅबिनेटवर रोखून ठेवू नका. खोली थंड झाली की कॉम्प्युटरला त्याचा फायदा मिळतोच, पण तोंडासमोरचे तुषार आणि बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर बसायला नकोत. मुंबई-कोकणातले लोक दमट हवेत आत पाणी साचेल का, असं विचारतात. साध्या हवेच्या किंवा पाण्याच्या कूलरने साचत नाही, कारण त्यांचा कुठलाच भाग खोलीपेक्षा थंड होत नाही. ती भीती पेल्टिअर किंवा चिलर, म्हणजे खोलीपेक्षाही थंड करणारी साधनं, लावणाऱ्यांना. नवख्यांनी त्या वाटेला जायचं कारणच नाही.

चौथी पायरी: कूलर निवडा

डब्यासोबत आलेला छोटा कूलर ओव्हरक्लॉकिंगसाठी नाही. इंटेलच्या ‘के’ प्रोसेसरांसोबत तो येतही नाही.

चार हीटपाइप (उष्णता पात्यांकडे नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिमीचा एक पंखा असलेला एकेरी टॉवर, म्हणजे डीपकूल एके४०० च्या जातीचा, सहा कोअरच्या रायझनला आणि हलक्या ओव्हरक्लॉकवरच्या आय५ ला चालतो. साधारण १२५-१५० वॅटपर्यंत त्याच्यावर भरवसा ठेवावा. आय५-१२६००केची इंटेलनेच ठरवलेली कमाल टर्बो (वाढीव वेगाची) मर्यादा १५० वॅट आहे, म्हणजे वेग वाढवायचा तर हा कूलर काठावर येतो.

दुहेरी टॉवर, सहा हीटपाइप, दोन पंखे: थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई, डीपकूल एके६२०, किंवा खिसा सैल असेल तर नॉक्टुआ एनएच-डी१५. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा ओव्हरक्लॉक करणाऱ्याने यातलाच घ्यावा. २४० मिमीच्या पाण्याच्या कूलरच्या आसपासची कामगिरी, बिघडण्यासारखी वस्तू एकच, ती म्हणजे पंखा, आणि पंखा बाजारात कुठेही मिळतो. घेण्याआधी उंची मोजा: पीअरलेस असॅसिन एसई १५५ मिमी, एके६२० १६० मिमी, एनएच-डी१५ १६५ मिमी. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते. रॅमवर उंच शिंगांसारखे हीट स्प्रेडर असतील तर पुढचा पंखा वर सरकवावा लागतो आणि मग झाकण बसत नाही. हेही आधीच पाहून घ्या.

पाण्याचा बंद कूलर दोनशे वॅटच्या पुढे कामाचा. आय७-१३७००के आणि आय९-१३९००के यांची टर्बो मर्यादा २५३ वॅट आहे, तिथे ३६० मिमीचा रेडिएटर (पाणी थंड करणारा, पंखे लावलेला भाग) शोभतो. पण त्याचं आयुष्य पंपावर असतं, आतलं पाणी वर्षानुवर्षं नळ्यांतून किंचित उडत राहतं आणि बहुतेक मॉडेलमध्ये ते परत भरता येत नाही. रेडिएटर वरच्या झाकणाला बाहेर टाकणाऱ्या दिशेने लावला तर ग्राफिक्स कार्डला पुढून ताजी हवा मिळते. पुढे लावला तर प्रोसेसर थोडा जास्त थंड राहतो आणि ग्राफिक्स कार्ड थोडं जास्त तापतं. खेळणाऱ्यांनी वरच लावावा. कुठेही लावा, पंप हा सगळ्यात उंच भाग होऊ देऊ नका. आत थोडी हवा असतेच आणि ती सगळ्यात उंच जागी जमते. ती जागा पंप असेल तर गुडगुड आवाज येतो आणि पंप लवकर मरतो.

आणखी एक, टॉवर किंवा पाण्याचा कूलर लावल्यावर सॉकेटभोवतीच्या व्हीआरएमवर वरून वारा येणं बंद होतं. डब्यातला चपटा कूलर निदान ते काम करायचा. म्हणून मागचा पंखा काढून टाकू नका, आणि ओव्हरक्लॉकनंतर व्हीआरएमचा आकडाही बघत राहा. तो ९० च्या खाली असलेला बरा.

पाचवी पायरी: पेस्ट आणि बसवणी

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरचा जुना कूलर थेट वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा.

नवीन पेस्ट मटारच्या दाण्याएवढी मध्यभागी. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे प्रोसेसर लांबट असतात, तिथे मधल्या दाण्यासोबत चार कोपऱ्यांकडे छोटे ठिपके द्या. बोटाने पसरवत बसू नका, कूलरचा दाब ते काम करतो. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या प्रोसेसरला कडेने खाचा असतात, त्यात थोडी पेस्ट उतरली तरी साध्या, वीज न वाहणाऱ्या पेस्टने काही होत नाही. लिक्विड मेटल मात्र नको: ते वीज वाहतं आणि ॲल्युमिनियम खातं.

कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढा. हसू नका, ती तशीच ठेवून ‘कूलर खराब निघाला’ म्हणणारे लोक दर महिन्याला भेटतात. स्क्रू एका बाजूचा पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका. समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा, आळीपाळीने. टॉवरचा पंखा रॅमच्या बाजूने हवा घेऊन मागच्या पंख्याकडे ढकलेल असा. त्याची वायर बोर्डावर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच, पंपाची वायर पंपासाठी दिलेल्या जागी.

फॅन कर्व्हवर (किती तापमानाला पंखा किती वेगात, हे ठरवणारी सेटिंग) फार डोकं खपवू नका. ५० अंशांना ४० टक्के, ७० ला ६५, ८२-८५ ला १०० आणि वेग बदलायला दोन-तीन सेकंदांचा विलंब, म्हणजे प्रत्येक क्लिकला पंखे ओरडणार नाहीत. पंप सतत एकाच वेगाने ठेवा.

सहावी पायरी: आता बायोस

सगळ्यात आधी बायोस अद्ययावत करा. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी हे ऐच्छिक नाही. जास्त व्होल्टेजमुळे त्यातले अनेक कायमचे अस्थिर होत होते आणि इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ नावाचा मायक्रोकोड (बायोससोबत येणारी प्रोसेसरची आतली दुरुस्ती) काढला. तो किंवा त्यानंतरचा असल्याशिवाय त्या प्रोसेसरांना हात लावू नका.

इंटेलवर गुणक (मूळच्या १०० मेगाहर्ट्झला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) एकेका पायरीने, म्हणजे १०० मेगाहर्ट्झने वाढवा. १२६००केचे मोठे कोअर एकत्र चालताना मूळचे ४.५ गिगाहर्ट्झवर असतात; ४.७, ४.८, ४.९ असं चढा. व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडलं तर बोर्ड सढळ हाताने देतो आणि तुमचा सगळा कूलिंगचा हिशेब बिघडतो. स्वतः आकडा द्या, आणि प्रत्येक वेगाला चालेल असं सगळ्यात कमी व्होल्टेज शोधा.

रायझनवर हाताने सगळ्या कोअरना एकच वेग देण्यात आता फायदा नाही. एकेरी कोअरचा वेग उलट कमी होतो. पीबीओ (प्रोसेसरला स्वतःहून वेग वाढवू देणारी एएमडीची सोय) चालू करा, त्यातली तापमान मर्यादा ८५ वर आणा, आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) सगळ्या कोअरना उणे १० द्या. जमलं तर उणे १५, उणे २०. व्होल्टेज कमी, तापमान कमी, आणि मोकळ्या झालेल्या जागेत प्रोसेसर स्वतःच वेग वाढवतो. मात्र हा बदल जड चाचणीत टिकून रिकाम्या बसलेल्या कॉम्प्युटरला अडखळवू शकतो, म्हणून एक-दोन दिवस रोजच्या वापरात ठेवून पाहा.

प्रत्येक पायरीनंतर दहा मिनिटांची सिनेबेंच आणि शेवटी ओसीसीटी या प्रोग्रॅमची तासभर चाचणी. एचडब्ल्यूइन्फोच्या तळाशी ‘व्हीआ’ (डब्ल्यूएचईए) त्रुटींची, म्हणजे विंडोजने नोंदवलेल्या हार्डवेअरच्या चुकांची, संख्या असते, ती शून्यच हवी. एकही दिसली तर एक पायरी खाली. तुमचा यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅटच देऊ शकतो. वाढलेला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून तो आकडा ओलांडतात, आणि वीज गेली की यूपीएसही हात वर करतो.

शेवटची चाचणी खेळाची. ग्राफिक्स कार्ड दोनशे-तीनशे वॅट उष्णता कॅबिनेटमध्येच सोडतं आणि ती बरोबर कूलरच्या तोंडाशी वर येते. अर्धा तास जड खेळ चालवा आणि पुन्हा वजाबाकी करा. निव्वळ प्रोसेसरच्या चाचणीत ठीक असलेला कॉम्प्युटर इथे गडबडला तर व्होल्टेजला हात लावण्याआधी पुढचे पंखे वाढवून बघा.

वजाबाकीचा आकडा कुठेतरी लिहून ठेवा, तारखेसकट. पुढचे फिल्टर महिन्याला एकदा नळाखाली धुऊन पूर्ण वाळवून लावा; कूलरच्या पात्यांमधली धूळ ब्लोअरने काढताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होतं. फिल्टर धुऊनही फरक सात-आठ अंशांनी वाढलेला दिसला, तर पेस्ट बदलायची वेळ झाली. पाण्याच्या कूलरवर तोच फरक काही मिनिटांत एकदम वाढत गेला, तर पंपाला हात लावून कंपन जाणवतंय का ते बघा.